दोन नद्या, एक गणित



कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे. पंढरपूर भीमेच्या काठी, तर गोविंदपुरम् कावेरीच्या मुलखात. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहतात. तंजावरच्या शेतकऱ्याला नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेताचाच मिळतो. त्याची कुरुवई भातलावणी कोडगूत पडणाऱ्या पावसावर आणि मेट्टूर धरणावर अवलंबून असते. पुढचा हंगाम मात्र ईशान्य मोसमी पावसाचा. म्हणून उद्याचा पाऊस संगणकाला कितपत कळतो, हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

हवामानाची प्रारूपे पृथ्वीचे चौकटींत विभाजन करून बाष्पीभवन, ढग, पाऊस आणि नदीप्रवाह यांचे गणित मांडतात. जागतिक पातळीवर ते बरेच जुळते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. जगाचा सरासरी पाऊस मात्र १ ते ३ टक्क्यांनीच वाढतो. कारण पावसाला केवळ बाष्प पुरत नाही. बाष्पाचे पाणी होताना सुटलेली उष्णता वातावरणाला अवकाशात टाकावी लागते, आणि त्या क्रियेला मर्यादा आहे. परिणामी सरी अधिक मुसळधार होतात आणि कित्येक ठिकाणी दोन सरींमधील कोरडे दिवस वाढतात.

अडचण येते ती घाटात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने घडवलेल्या पृथ्वी-प्रणाली प्रारूपाने जागतिक प्रारूपांच्या सहाव्या तुलनेत भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यातील वातावरणाची एक चौकट सुमारे २०० किलोमीटरची. महाबळेश्वर आणि वाई यांत अंतर सुमारे ३० किलोमीटर; एकीकडे धो धो पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछाया. चौकटीत दोघांची सरासरी होते. ढग तर त्याहूनही लहान. म्हणून अनेक प्रारूपांत रिमझिम फार वेळा पडते आणि मुसळधार सरी कमी पडतात. कोडगूच्या डोंगरांचीही हीच गत.

म्हणून प्रारूपे टाकाऊ ठरत नाहीत. दिशा सांगण्यात ती विश्वासार्ह आहेत. एका तालुक्याचा आकडा सांगण्यात अजून नाहीत. चौकटी लहान करणे हे संगणकाचे काम. पण त्या तपासायला पर्जन्यमापकाची रोजची, प्रामाणिक नोंद लागते. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून ती नोंद विद्यार्थ्यांनाही करता येईल. भीमा असो वा कावेरी, गणित शेवटी थेंबापासूनच सुरू होते.