लाजवर्दी निळाई

आभाळाचा निळा रंग सगळ्यांना फुकट दिसतो. चित्रात तो उतरवणं मात्र युरोपात एकेकाळी सोन्याइतकं महाग होतं. कारण तो दगडातून काढावा लागे. अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरांत सर-ए-संगच्या खाणी आहेत. तिथला गर्द निळा दगड फारसीत लाजवर्द, संस्कृतात राजावर्त. अरबीतून हे नाव युरोपात पोचलं. आरंभीचा ‘ल’ म्हणजे आपलं उपपदच, असं समजून तिथल्या लोकांनी तो गाळून टाकला. उरलं ते इटालियन अझुर्रो, स्पॅनिश अझुल. आभाळाच्या निळाईला त्यांनी दिलेलं नाव मुळात या दगडाचं आहे!

हा दगड नुसता कुटला तर पूड राखाडी निघते, कारण त्यात पांढरं कॅल्साइट मिसळलेलं असतं. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानं 1400 च्या सुमारास कृती लिहून ठेवली आहे: पूड राळेत आणि मेणात मळायची, गोळा काही दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या निवळीत दाबत राहायचं. निळे कण सुटून तळाशी बसतात. पहिला उतारा सर्वांत उंची. कण भरड असतील तर रंग गर्द दिसतो, बारीक वाटले तर फिका. चित्रातल्या निळाईची खोली अशी वाटण्यावरही ठरते, म्हणून ती जवळून पाहायची.

आणि त्यासाठी आपल्याला इटलीला जायला नको. अजिंठ्याचे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना हे रंग आसपासच्या मातीदगडांतले. निळा तेवढा बदख्शानहून आलेला. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतल्या सर्वांत जुन्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातल्या, वाकाटककाळच्या लेण्यांत तो झळकतो. इतर काही रंग काळवंडले, पण हा अजून ताजा आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेले परदेशी पाहुणे रंगवले आहेत. अशाच लोकांच्या वाटांनी हा दगड आला असावा, असं मला ते चित्र पाहताना फार वाटतं.

म्हणून अजिंठ्याला जाल तेव्हा आधी दहाव्या लेण्यातली जुनी भिंत पाहा, मग दुसऱ्या लेण्यात जाऊन मान वर करा. घाई करू नका. अंधाराला डोळे सरावू द्या, आणि चित्रकारानं निळा नेमका कुठे आणि किती जपून वापरला आहे, ते शोधा.