पडद्यावरचे पान

जून जवळ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: टॅब घ्यायचाय, कोणता घेऊ? विचारणारे बहुतेक अकरावी-बारावीतल्या मुलांचे आईवडील असतात. मोबाइलवर दोन-तीन टॅबची तुलना उघडलेली असते. रॅम किती, स्टोरेज किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. मी त्यांना विचारतो, मुलगी यावर वाचणार काय? त्याचे उत्तर त्या तक्त्यात नसते.

माझ्या धाकट्या बहिणीने लेकीसाठी 8 इंची टॅब घेतला. स्वस्त होता, हातात छान बसायचा. पण क्लासच्या नोट्स होत्या ए-फोर कागदाच्या पीडीएफ. त्या पडद्यावर हे पान जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणजे 12 पॉइंटचे अक्षर 6 पॉइंटचे होते. मराठीत रफार आणि अनुस्वार त्या आकारात डोळे ताणून शोधावे लागतात. रसायनशास्त्रातल्या सूत्राखालचे बारीक आकडे तर दिसतच नाहीत. पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला बोटाने पान इकडून तिकडे सरकवायचे. पोरीने महिनाभर हे सोसले आणि मग नोट्सच्या झेरॉक्स काढल्या. टॅबचे पैसे गेले, झेरॉक्सचेही गेले.

म्हणून मी नुसत्या इंचांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तो पडद्याच्या कर्णाचा असतो. कर्ण तोच ठेवून पडदा लांबट करता येतो किंवा चौरसाकडे झुकवता येतो. आता हिशेब पाहा. दहाव्या पिढीचा आयपॅड 10.9 इंचांचा आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस-9 एफई हाही 10.9 इंचांचा. दोन्ही उभे धरून ए-फोर पान उघडले, तर आयपॅडवर त्याची रुंदी सुमारे 15.8 सेंटिमीटर भरते आणि सॅमसंगवर सुमारे 14.7. आकडा एकच, पण पानात सेंटिमीटरहून अधिक फरक. शाओमी पॅड-6 आहे 11 इंचांचा, म्हणजे आयपॅडपेक्षा मोठा. त्याचाही पडदा लांबट, त्यामुळे त्याच्यावर पान येते 14.8. वनप्लसचा 2023 सालचा पॅड 11.6 इंचांचा, पण त्याच्या बाजूंचे प्रमाण 7:5, जवळजवळ ए-फोर कागदाचेच. तिथे पान 17 सेंटिमीटरपर्यंत जाते. मूळ कागद 21 सेंटिमीटरचा आहे, हे लक्षात ठेवा. सिनेमा पाहणाऱ्याला लांबट पडदाच बरा, त्यात वाद नाही. मी बोलतोय ते वाचणाऱ्या मुलांविषयी.

लिहिणाऱ्यांविषयीही थोडे. गणिते सोडवायची असतील तर पेन लागतेच. वर सांगितलेल्या सॅमसंगबरोबर ते खोक्यातच येते, आयपॅडचे वेगळे घ्यावे लागते. तुलना करताना किंमत पेनसकट मांडा.

5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅबचे अनावरण झाले, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. गरीब विद्यार्थ्याच्या हाती संगणक द्यायचा, हा हेतू मोलाचा होता आणि आजही आहे. पण पडदा होता 7 इंची आणि दाबावर चालणारा. बोट नुसते टेकवून भागत नसे, जोर द्यावा लागे. ए-फोर पान त्यावर जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद दिसणार. चर्चा मात्र किमतीचीच झाली. पान कसे दिसेल, हा प्रश्न तेव्हाही मागे राहिला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सिमकार्डाची जागा आहे का, ते पाहा. फक्त वायफायचा टॅब वडिलांच्या फोनवरून चालतो आणि सकाळी वडील कामाला गेले की नेटही त्यांच्याबरोबर जाते. ‘वाढीव रॅम’ म्हणून जाहिरातीत जे लिहितात ते बहुधा स्टोरेजमधूनच उसने घेतलेले असते. ते मोजू नका. सुरक्षेचे अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, हे विचारा. आणि अनोळखी नावाचा स्वस्त टॅब घेत असाल, तर त्यावरचा भारतीय मानक ब्युरोचा आर-क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहा. टॅबला ही नोंदणी सक्तीची आहे.

दुकानात जाताना मुलीला बरोबर न्या. तिच्या नोट्सची फाइल आणि कंपासपेटीतली पट्टीही न्या. टॅब उभा धरा, पान उघडा, रुंदी मोजा आणि तिला तिथेच दहा मिनिटे वाचू द्या. घ्यायचा की नाही, ते तिला ठरवू द्या.