किडीला औषधाची सवय होते काय?



मागे एका शाळेत विज्ञानाचा पाठ पाहत असता एका मुलाने विचारले, “फवारणी करूनही बोंडअळी मरत का नाही?” गुरुजी म्हणाले, “तिला औषधाची सवय झाली.” हेच उत्तर मीही वर्गात अनेक वर्षे दिले. ते चुकीचे आहे; आणि सवय झाली असे मानणारा शेतकरी औषधाची मात्रा वाढवीत जातो.

मी मूठभर ज्वारीत चार तुरीचे दाणे मिसळून मुलांकडून ते चाळून घेतले. ज्वारी गळाली, तूर उरली. एकही ज्वारीचा दाणा फुगून तुरीएवढा झाला नाही. तूर आधीपासूनच त्यात होती. अळ्यांचेही तसेच. लाखोंत एखादीच्या अंगी विषाला दाद न देण्याचा गुण उपजतच असतो. बाकीच्या मरतात, तिचा वंश वाढतो. चाळणी जितकी वारंवार, तितकी तूर लवकर माजते. डार्विनने १८५९ साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

आपल्याकडे २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीला मारक असे प्रथिन त्याच्या झाडातच असते. शेताच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावाव्यात म्हणून पाकिटासोबत निराळी पुडी मिळे. अळीला आपण होऊन खाऊ कशाला घालावा, असा हिशेब करून बहुतेकांनी ती फेकली. हिशेब वरवर बिनचूक होता! परंतु त्या ओळींत वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर झाला, तर संतती बहुधा बीटीला बळी पडते. कारण हा गुण मातापिता दोहोंकडून आल्यावाचून पुरता प्रकटत नाही. पुढे २०१० साली गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी वाणाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. त्यानंतरच्या दुहेरी प्रथिनाच्या वाणांचीही तीच गत झाली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे किडली. अमेरिकेतील ॲरिझोनात १९९६ पासून हाच कापूस, हीच अळी. पण तेथील शेतकऱ्यांनी साध्या ओळी राखल्या आणि बीटीची धार टिकली. पुढे २००६ पासून वंध्य पतंगही सोडले. २०१८ साली अमेरिकेतील कापूसक्षेत्र या अळीपासून मुक्त झाल्याचे घोषित झाले.

कापूस फुलावर आला की मुलांना शेतात न्यावे, डोमकळ्या शोधून उघडून पाहाव्यात. फरदड ठेवल्याने अळीला वर्षभर आसरा मिळतो, हेही तेथेच सांगावे.

चाळणी खाली ठेवल्यावर तो मुलगा म्हणाला, “गुरुजी, ती पुडी आमच्या माळ्यावर अजून पडली आहे.”