पन्नासाची गुणगुण



माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या संमेलनात या खुर्चीवर बहुधा संपादक बसतात, लेखक बसतात, दिग्दर्शक बसतात. यंदा तुम्ही एका साउंड रेकॉर्डिस्टला बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. आमची जागा कोपऱ्यात असते, हेडफोन लावून, कुणाच्या नजरेत न येता. त्या कोपऱ्यातून जे कळलं तेच आज सांगते.

इथे एकलहऱ्याला येताना नाशिकरोड मागे पडलं की औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. सत्तावीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने मी एका माहितीपटाच्या कामासाठी एकलहऱ्याला आले होते. राखेच्या विभागात आयुष्य काढलेल्या एका निवृत्त कामगाराची मुलाखत होती. त्यांच्या घरची बाहेरची खोली, संध्याकाळची वेळ. काका दीड तास बोलले. रात्रपाळीबद्दल, घरी आल्यावर बायको आधी बादलीभर पाणी पुढे करायची त्याबद्दल. मग बरोबर काम करणाऱ्या एका मित्राचं नाव त्यांच्या तोंडी आलं आणि ते थांबले. अकरा सेकंद. खोलीत कुणी हललं नाही. पुढे ते वेगळंच काही बोलू लागले, पण त्यांना जे सांगायचं होतं ते त्या अकरा सेकंदांत सांगून झालं होतं.

मुंबईला येऊन टेप लावली. त्या अकरा सेकंदांत शांतता नव्हती. एक जाडसर, सलग गुणगुण होती. मायक्रोफोनची वायर मी विजेच्या एक्स्टेंशनला लगटून जमिनीवरून नेली होती. आणि काकांसमोर कान झाकून बसणं मला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. फिल्टर लावून ती गुणगुण कापायला गेले, तर काकांचा आवाजही पातळ झाला. कारण आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर बसते आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण त्याच पट्टीत, शंभराच्या आगेमागे असतो. एक उपटलं की दुसऱ्याची मुळं हातात येतात.

महिन्याभराने मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. त्यांनी न कुरकुरता सगळं परत सांगितलं. मित्राचं नावही घेतलं. थांबले मात्र नाहीत.

मित्रांनो, मला सांगा, त्या दिवशी माझं जे हुकलं ते तांत्रिक होतं की सर्जनशील? वायर हातभर बाजूला घ्यायची होती, एवढंच. पण गेलं ते त्या माहितीपटाचं काळीज. तेव्हापासून या दोन गोष्टींना दोन कप्प्यांत घालणाऱ्या कुठल्याही अभ्यासक्रमावर माझा विश्वास उरलेला नाही.

ती गुणगुण येते कुठून, हे मी त्यानंतर समजून घेतलं. इथल्या टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. तोच ठेका तारांतून घराघरांत जातो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं, तेव्हापासून भारतभर विजेचा ठेका एकच आहे. तो अगदी स्थिर नसतो. मागणी वाढली की किंचित खाली येतो, घटली की वर चढतो. हा चढउतार रेकॉर्डिंगमध्ये नकळत उतरतो, आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ तो जाळ्याच्या नोंदीशी पडताळून ध्वनिफीत कधीची आहे, मधे कापली आहे का, हे ठरवू शकतात. ज्या गुणगुणीने माझी मुलाखत नासवली, तीच उद्या एखाद्या बातमीदाराचा खरेपणा सिद्ध करील. तुमच्या कॅमेऱ्यालाही ती सोडत नाही. साध्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलंत तर चित्र शांत राहतं, १/६० वर ठेवलंत तर पट्टे सरकू लागतात. हे एकलहऱ्याच्या मुलांना ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं.

आणि ज्या जिल्ह्यात आपण बसलो आहोत, तिथे तंत्र आणि सर्जन वेगळं नसतं हा धडा आधीच गिरवून झालेला आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, छपाईतले ब्लॉक करायला शिकले. १९१२ साली लंडनहून ते कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवलदारांना पटवायचं होतं. त्यांनी पटकथा वाचून दाखवली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चौकट टिपली. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दिसला आणि कर्ज मिळालं. ही कल्पना सुचायला यंत्र हाताखालून गेलेलंच असावं लागतं. एक चौकट थांबवून ठेवता येते हे ज्याच्या बोटांना माहीत आहे, त्यालाच महिना मिनिटात बसवता येईल असं वाटतं.

पुढची नावं आपण कमी घेतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत, चित्रीकरणात पांढरी चादर धरून उन्हं वळवत, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. भोक केसभर सरकलं तर पडद्यावर चित्र नाचणार, म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाची स्थिरता त्यांच्या हातात होती. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी त्यात तारामती साकारली, आणि तेच पुढे फाळक्यांच्या कंपनीत कॅमेरा चालवू लागले. १९१३ साली नाशिकला बस्तान हलवल्यावर फाळक्यांनी चित्रपट कसा करतात हे दाखवणारा माहितीपटही केला. कसब त्यांनी कपाटात ठेवलं नाही.

कपाट मी मुद्दाम म्हणते. मी शिकत होते तिथे एकच चांगला कॅमेरा होता आणि तो कुलपात असे. वर्षअखेरीस परीक्षक येत, तेव्हा बाहेर निघे. मुली यंत्र बिघडवतात असंही ऐकवलं जाई. मी मायक्रोफोन हातात घेतला तो शिक्षण संपल्यावर, आणि त्याची किंमत त्या काकांच्या अकरा सेकंदांनी मोजली. म्हणून इथल्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे: कपाट जूनमध्येच उघडा. यंत्र मोडेल, दुरुस्त करता येईल.

तुम्ही म्हणाल, ताई, आता फोनमध्येच सगळं आहे, गुणगुणसुद्धा सॉफ्टवेअर काढून टाकतं. खरं आहे, मीही ते वापरते. पण गोंगाट कोणता आणि आवाज कोणता, हे ते स्वतः ठरवतं. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी जाते, बोलणाऱ्याने मधेच घेतलेला श्वासही जातो. तो श्वास ठेवायचा की नाही हे सांगायला कान तयार हवेत, आणि कान तयार होतात ते रोज ऐकून. कुठेही गेलात की मुलाखतीआधी खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपा. एक तरी काम असं करा, की ज्यात लिहिणं, टिपणं, कापणं, मथळा देणं, सगळं एकट्याच्या हाताने होईल. पुढे वाटून घ्या.

जेवणानंतरच्या सत्रात माझं दुसरं भाषण ठेवलं आहे. आयोजकांच्या परवानगीने ते मी रद्द करते. आपण नदीकाठी जाऊ. तिथून केंद्राचा आवाज येतो, पाण्याचा येतो, आणि थोडं थांबलं तर दोन्ही वेगळे ऐकू येतात. हेडफोनच्या माझ्याकडे सहाच जोड्या आहेत. पाळीपाळीने लावू.