पेठ कोणासाठी जगवायची?

पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली. तिच्यावरील खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा मूळ प्रश्न मात्र आजही कायम आहे: सार्वजनिक पैसा खर्च व्हावा तो कोणासाठी?

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आली. तिच्याबरोबर गिऱ्हाईक येईल, तशी जागेची किंमतही चढेल. दर्शनी भिंती रंगवून पेठ जगत नसते. मंडईतील भाजीचा गाळा, तुळशीबागेतील दुकान आणि तांबट आळीतील हातोडा यांवर ती जगते. वाढत्या भाड्यापायी ही माणसे बाहेर फेकली गेली, तर मागे केवळ देखावा उरेल.

पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्यांतील एक-तृतीयांश स्त्रियांच्या आहेत. पेठांच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा प्रथम या समितीपुढे यावा, ही मागणी लावून धरली पाहिजे. त्यासाठी विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात प्रत्येक टोपलीवालीची नोंद झाली आहे काय, हे कार्यकर्त्यांनी पेठेपेठेत फिरून तपासावे. नोंदीवाचून मत नाही आणि मतावाचून जागा टिकणार नाही.