शिष्यवृत्ती आणि खेड्यांतील मास्तर
(शिक्षकांच्या सभेंत केलेलें भाषण)



१८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांत शिष्यवृत्तीचाही प्रश्न होता. चढाओढीनें वाटलेली शिष्यवृत्ती वरून न्यायाची दिसली, तरी विद्येपासून दूर राहिलेल्या जातींत तिनें शिक्षण पसरत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आज योजना पुष्कळ आहेत. पण ज्याच्या घरीं कागद वाचणारा आहे त्याचें पोर वेळेवर अर्ज करतें, आणि ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेले त्याचें पोर मुदत टळल्यावर विचारावयास येतें. हा अन्याय मोडणें आपल्या हातीं आहे.

एक मास्तर काय करूं शकतो, हें कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनीं दाखविलें. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. केळूसकर विल्सन हायस्कुलांत शिक्षक; भीमराव त्यांच्या शाळेचे नव्हेत. तरी पैशावांचून कॉलेज सुटण्याची वेळ आली, तेव्हां केळूसकरांनीं श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ सालीं बडोदें संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठांत गेले. केळूसकर सावकार नव्हते. मुलाची पारख आणि कळकळ एवढेंच त्यांचें भांडवल.

आतां आमचें काम. पहिलें, आठवीच्या वर्गांतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा. बुद्धिमापनाचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. बुद्धिमापनाचे प्रश्न आमच्या पोरांना अवघड नसतात, अनोळखी असतात. जूनपासून रोज अर्धा तास सराव घेतला म्हणजे ती भीड मोडते.

दुसरें, कागदपत्रें. तहसिलीचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें. शाळेच्या दाखल्यांत नांव एक आणि आधारांत दुसरें, एवढ्यावरून अर्ज अडतो. म्हणून पालक गांव सोडून कारखान्याकडे निघण्यापूर्वींच हे कागद पुरे करून घ्या.

तिसरें, दहावीनंतर मुलाचा हात सोडूं नका. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, आणि तो दरवर्षीं नव्यानें चालू ठेवावा लागतो. मुलींकडे विशेष लक्ष द्या. ज्यांचें कौटुंबिक उत्पन्न वर्षास ८ लाखांच्या आंत आहे अशा इतर मागास व आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकारनें पूर्ण माफ केली आहे. पोरीला शिकवायला पैसा कोठून आणूं, म्हणणाऱ्या बापाच्या ओट्यावर जाऊन ही गोष्ट त्याला समजावून सांगा.

कोणी म्हणेल, शिरगणती आमच्या माथीं, निवडणूक आमच्या माथीं, त्यांत हें आणखी कोठून? तक्रार खरी आहे. तिचा झगडा सरकारशीं जरूर करूं. पण त्या झगड्याचा निकाल लागेपर्यंत आठवीचें पोर आठवींत थांबत नाहीं. तें शाळा सोडून कोयता हातीं घेतें.

म्हणून आमची विनंती एवढीच. प्रत्येकानें एक वही घालावी. आठवीच्या प्रत्येक मुलामुलीचें नांव आणि त्यापुढें कोणता कागद नाहीं, तें लिहावें. दर शनिवारीं वही उघडावी आणि एक तरी ओळ पुरी करावी. वर्षअखेर ती वही गांवच्या सभेपुढें वाचून दाखवावी, म्हणजे गांवालाही आपली जबाबदारी कळेल.