उन्हाचा शाहीर: आमचा खानदेशी बार्ड

इअरफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, आज मध्ये डफ वाजणार आहे.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सूर्याची उपासना करणारा, लढणारा आणि गाणारा कॅरेक्टर बनवायचा तर कसा? पुस्तकात अर्धं उत्तर आहेच. 2014 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये बार्डचं ‘कॉलेज ऑफ व्हॅलर’ आहे. चिलखत मिळतं, ढाल मिळते, सहाव्या लेव्हलला दुसरा वार मिळतो. देव म्हणून पेलॉर किंवा लॅथँडर घ्या, झालं काम.

पण भो, आपण जळगावचे. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पेलॉर, लॅथँडर हे थंडीतल्या लोकांचे देव वाटतात मला. त्यांच्याकडे सूर्य आला म्हणजे बरं झालं! आपल्याकडे सूर्य आला म्हणजे आधी सावली शोधा. मग आपला सूर्यभक्त देवाकडे काय मागेल? आणखी उजेड? छे. तो म्हणेल, बाबा, जरा दमानं.

हे मी हवेतून काढलेलं नाही. आपली तापी पुराणात सूर्याची लेक आहे. बापाचा ताप लोकांना सोसेना, म्हणून ती आली, असं तिचं माहात्म्य सांगतात. महाभारताच्या आदिपर्वातली तपती ती हीच, कुरूची आई. म्हणजे भुसावळच्या पुलावरून रोज जे पाणी बघतो, ती सूर्याच्या घरातली मुलगी, आणि तिचं कामच मुळी उष्णता कमी करणं. याहून चांगला सबक्लास कुठे तयार मिळणार?

तर आमचा ‘उन्हाचा शाहीर’ सूर्याचे बाण मारत नाही. तो सावली देतो. शेजारच्या सोबत्याला मार बसला की रिअ‍ॅक्शन वापरायची, इन्स्पिरेशनचा एक फासा टाकायचा. जेवढा आकडा येईल तेवढा मार कमी. पहिल्यांदा एवढंच ठेवलं होतं आणि खेळाची पार वाट लागली. तीन सेशन कुणी मरेचना, डीएम रडकुंडीला आला. मग अट घातली: वाचवलेला मार जातो कुठे? शाहिराच्या अंगात. दर वेळी एक ‘ताप’ साठतो. तीन ताप झाले की पुढच्या वारात ते सगळे बाहेर काढता येतात, प्रत्येक तापामागे एक जादा फासा. पण सूर्य मावळेपर्यंत काढले नाहीत, तर एक लेव्हल एक्झॉशन. आता खेळणारा दिवसभर हिशेब करत बसतो, आणि संध्याकाळ झाली की सगळं टेबल घाबरतं. मजा येते!

दुसरी अट माझी लाडकी. एका हातात डफ, म्हणजे ढाल नाही. व्हॅलरवाल्याला ढाल मिळते, आपल्याला नाही.

आता शाहिरीचं. पुस्तकातला बार्ड लढाई चालू असताना गातो. पोवाडा सहसा नंतर होतो. अफझलखानाच्या वधावर अगिनदासाने रचला, सिंहगडावर तुलसीदासाने रचला, दोन्ही घडून गेल्यावर. कोण कुठे उभा होता, कुणी काय केलं, ते नावानिशी सांगायचं. म्हणून आमच्याकडे रात्रीच्या मुक्कामाला शाहीर पोवाडा म्हणतो. ज्याचं नाव आणि काम त्यात येईल, त्याला सकाळी जादा टेम्पररी हिट पॉइंट. खेळणाऱ्याने खरोखर एक ओळ म्हणायची. यमक जुळलं नाही तरी चालेल. अहिराणीत म्हटली तर आम्ही फासा दोनदा टाकू देतो, कारण टेबलावर इंग्रजी झाडणारे भरपूर, घरची भाषा बोलताना लाजणारेही तेवढेच.

एक गोष्ट मात्र काढून टाकली. आमच्यातल्या धुळ्याच्या एका मित्राला चौदाव्या लेव्हलला कानबाईचं वरदान हवं होतं. तर्क बरोबर होता. श्रावणातल्या रविवारी ती बसते, रविवार सूर्याचा. तिच्यासोबतची रानबाई आणि कहाणीतली आदित्य-राणूबाई यांचं नातं अभ्यासक सूर्याशी लावतात. त्याने घरी जाऊन आजीला कौतुकाने सगळं वाचून दाखवलं. आजी रोटांसाठी गहू निवडत होती. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुमना खेळमा तिले हरावता येस का?”

मित्र गप्प. कारण येतं की. ज्याला आकडे दिले त्याला मारता येतं, या खेळाचा नियमच तो. पेलॉरची गोष्ट वेगळी, तो लेखकाने रचलेला, त्याच्यासाठी कुणी रात्रभर जागत नाही. आमच्यात यावर भांडण झालं. एक जण म्हणाला, ग्रीक देव चालतात, मग आपले का नाही? मुद्दा चूक नाही. पण ग्रीक देवासाठी गहू निवडणारी आजी आमच्या घरात नाही. मी आजीच्या बाजूने मत दिलं. तापी नदी म्हणून राहिली, कानबाईला आम्ही हात लावला नाही.

त्यामुळे चौदावी लेव्हल अजून रिकामी आहे. 2023 पासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत, तेव्हा तुम्हीही बिनधास्त बदल करा. काही सुचलं तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो दुपारी बारा ते चार सोडून. तेव्हा फोनपण तापतो.